दहापैकी दोन

सकाळी साडेसातला फोनवर तो फॉर्म यायचा आणि सव्वाआठच्या आत भरून गेला पाहिजे, असा संघाचा दंडक होता. प्रश्न चारच. झोप कशी लागली? थकवा किती? कुठे दुखतंय, आणि दहापैकी किती? काल किती चेंडू टाकले? पण तिच्या नवऱ्याला लिहिण्याचा असा काही कंटाळा, की लग्नाच्या दुसऱ्याच महिन्यात ते काम तिच्या गळ्यात पडलं. चेंडूची शिवण त्याच्या बोटांना न बघता सापडायची. फोनवरची अक्षरं मात्र सापडता सापडायची नाहीत. "तू शिकलेली आहेस ना, मग तूच भर," असं म्हणून त्याने हात झटकले होते. तेव्हापासून चार वर्षं तो तोंडात ब्रश धरून बाथरूममधून आकडे ओरडायचा आणि ती लिहायची.

आधी ते आकडे खरे असायचे. गेले आठ आठवडे ते खोटे होते.

झालं होतं असं, की तिशी उलटलेल्या बॉलरने आठवड्यात चारशे चेंडूंच्या वर टाकले की त्याला सक्तीची विश्रांती, असा एक नवा नियम आला होता. त्याला चौतिसावं चालू होतं. विश्रांती म्हणजे बाहेर बसणं, आणि बाहेर बसणं म्हणजे त्याची जागा त्या एकवीस वर्षांच्या नव्या पोराला मिळणं. "एकदा बाकावर बसलो की बाक अंगाला चिकटतो," तो म्हणायचा. त्यात कमर धरायला लागल्यापासून त्याची लय बिघडली होती. लय सापडावी म्हणून तो जास्त चेंडू टाकायचा, आणि जास्त टाकले की कमर आणखी धरायची. दुपारी कुणाच्या नजरेस पडू नये म्हणून तो दुसऱ्याच एका क्लबच्या मैदानावर जाऊन टाकून यायचा. म्हणजे नव्वद टाकले की फॉर्मवर साठ लिहायचे. आणि दुखणं कायम दोन.

"मग शून्यच लिहू की," ती एकदा वैतागून म्हणाली होती.

"वेडी आहेस का? चौतिशीच्या बॉलरला काहीच दुखत नाही म्हणजे तो मेलेला असतो. दोन लिही. दोन म्हणजे सभ्य दुखणं."

ती लिहीत गेली. मात्र लेकीच्या दुधाची जी वही तिने जन्मल्या दिवसापासून ठेवली होती, कितीला पाजलं, किती प्यायली, कितीला निजली, अंग कोमट वाटलं का, त्या वहीच्या उजव्या कडेला पेन्सिलीने ती खरा आकडाही टिपून ठेवायची. का, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. खोटं बोलायचंच असेल तर खरं कुठेतरी मांडून ठेवावं, नाहीतर माणूस स्वतःच विसरतो, एवढंच तिला वाटायचं. लेक दहा महिन्यांची होती. तिला सगळे ठमी म्हणत. ठमी शिंकली तरी तिची आई घड्याळात बघायची, मग नवऱ्याच्या चालीत पडलेला फरक तिच्या नजरेतून कसा सुटणार? तो आता पँट घालायला पलंगावर बसायचा आणि उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून आत घालायचा. ठमीला खाली वाकून उचलायचा नाही. "चढ, चढ सोफ्यावर, शाब्बास," म्हणून तिला वर चढवायचा आणि तिथून घ्यायचा. पाहुण्यांना वाटायचं, बाप पोरीला चढायला शिकवतोय.

खरं तर त्याच्या अंगाने सोळा वर्षं दोन माणसांचं काम केलं होतं. तो बॉलर म्हणूनच आला होता. अठराव्या वर्षी एका सामन्यात एकाचं पोट बिघडलं म्हणून सातव्या नंबरवर पाठवला, आणि त्याने ऐंशी धावा केल्या. तीच त्याची चूक. त्या दिवसापासून "ह्याला जमतं" हे दोन शब्दांचं प्रमाणपत्र त्याच्या पाठीला डकवलं गेलं. सलामीचा फलंदाज जायबंदी झाला? ह्याला पाठवा, ह्याला जमतं. विकेटकीपरचं बोट मोडलं? दे रे ग्लोव्हज ह्याच्याकडे. सरावात बॉलर त्यांचं काम उरकून पाय पसरायचे, तेव्हा हा पॅड बांधायचा; फलंदाज दमून सावलीला जायचे, तेव्हा हा पुन्हा चेंडू हातात घ्यायचा. देशासाठी अकरा सामने खेळला, त्यांतल्या सातांत त्याच्यावर बॅटिंगची पाळीच आली नाही. वर्तमानपत्रवाले त्याच्याबद्दल 'उपयुक्त' असं लिहायचे. ती म्हणायची, "उपयुक्त काय? तू काय किसणी आहेस?" तो हसायचा. पण एकदा कुणीतरी 'एक ना धड, भाराभर चिंध्या' असं लिहिलं, तेव्हा त्याने तो कागद घडी करून किटबॅगेच्या तळाशी ठेवला होता, आणि तो अजून तिथेच होता, हे तिला ठाऊक होतं.

आणि आता, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, त्याचा संघ अंतिम सामन्यात पोचला होता. गुरुवारी सुरू होणार होता तो. पाच दिवसांचा.

"फक्त गुरुवारपर्यंत," त्याने तिच्याकडून वचन घेतलं होतं. "कुणाला एक अक्षर बोलायचं नाही. फायनल होऊ दे, मग तू म्हणशील त्या डॉक्टरकडे येतो. मग माझी कमर तुझी."

"बॅट्समन म्हणून खेळ ना मग. बॉलिंग नको करूस."

"अगं, बॉलिंग काढली तर मी नुसता सातव्या नंबरचा बॅट्समन. तसे पैशाला पासरी मिळतात. दोन्ही आहे म्हणून तर मी आहे."

तिने वचन दिलं.

रविवारी सकाळी मात्र आक्रीत घडलं. ठमीला टबमध्ये आंघोळ घालायची रविवारची पाळी बापाची असे, आणि ती पाळी त्याने दुखण्यातही सोडली नव्हती. ती टॉवेल घेऊन दाराशी येतेय, तेवढ्यात आतून त्याची हाक आली. मोठ्याने नाही. उलट इतकी हळू, की ती धावतच आत गेली.

"ये गं जरा. हिला घे."

तो टबावर वाकला होता. ठमी त्याच्या दोन्ही हातांत, अर्धी पाण्यात, अर्धी वर, खदाखदा हसत पाणी उडवत होती. आणि तो तसाच होता. वर येत नव्हता, खाली जात नव्हता. कपाळावर घाम.

तिने ठमीला घेतलं. रिकामे झालेले हात त्याने टबाच्या काठावर टेकले आणि तसाच वाकून राहिला. मिनिट गेलं, दोन गेली. मग काठाला धरून, गुडघ्यावर येऊन, म्हातारा उठतो तसा तो उठला.

"मी तिला सोडली नाही," तो म्हणाला.

"नाही सोडलीस."

"सोडली नसतीच."

ती ठमीचं डोकं पुसत राहिली. त्याचा आवाज कुणा दुसऱ्याचा असल्यासारखा वाटत होता. घड्याळात आठ वाजून पाच मिनिटं झाली होती.

"फॉर्म," तो म्हणाला. "काल नव्वद. साठ लिही. दुखणं दोन."

आणि तिने लिहिलं. दोन. पुढे कितीतरी दिवस तिला त्या सगळ्यातलं हेच आठवायचं, की ठमीचे केस ओले होते, आणि ते पुसणाऱ्या हातांनीच तिने दोन लिहिलं.

तो सरावाला गेल्यावर सासूबाई स्वयंपाकघरात आल्या. वाटाणे सोलायला बसल्या आणि एकेक दाणा मोजल्यासारखा ताटात टाकत राहिल्या, म्हणजे त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"लहानपणी," शेवटी त्या म्हणाल्या, "मॅच असली की हा ताप असला तरी जायचा. सर म्हणायचे, घरून चिठ्ठी आण, ताप नाही म्हणून. मी द्यायचे लिहून. अंग भट्टीसारखं तापलेलं, आणि माझी चिठ्ठी, मुलाची तब्येत ठणठणीत आहे."

"का देत होतात, आई?"

"रडायचा गं. आणि तो रडला की मला काही सुचायचं नाही." त्यांनी एक शेंग फोडली. "कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का? पण झाकायचं काम बरं आपल्याकडेच येतं."

"मग मी काय करू?"

"मला विचारू नकोस. मी चिठ्ठ्या लिहिणारी."

अकराच्या सुमारास फोन वाजला. संघाचा फिजिओ. खेळाडूंची शरीरं सांभाळायचं त्याचं काम. वयाने तिच्याएवढाच, पण बोलण्यात आदबशीर. संघातले सगळेच तिच्या नवऱ्याला काका म्हणत, आणि त्या नात्याने ती काकू व्हायला हवी होती, पण फिजिओने तिच्यावर दया करून वहिनीवर भागवलं होतं.

"वहिनी, डिस्टर्ब केलं का? काका नेटमध्ये आहे, फोन उचलत नाही. एक निरोप द्यायचा होता. उद्या त्याला सकाळी सातलाच पाठवा, आणि पोटभर खायला घालून पाठवा. वीस ओव्हर टाकून घेणार आहोत. मंगळवारी परत वीस."

"वीस?" ती म्हणाली. "फायनलच्या तोंडावर?"

"म्हणूनच तर. आमच्याकडे तक्ता असतो ना, नेटमध्ये चेंडू कुणी मोजत नाही, तुम्ही भरता त्या फॉर्मवरूनच निघतो तो. त्यात काका फारच कमी टाकतोय गेले दोन महिने. अंगाला सवयच नाही राहिली. आणि फायनलला एकदम पस्तीस-चाळीस ओव्हर पडल्या तर मोडेल की तो. म्हणून आधीच चढवत न्यायचं. मागच्या आठवड्यातही वाढवलं होतं, पण तरी आकडा साठवरच अडलाय बघा त्याचा."

ती ओट्याला टेकून उभी होती. ठमी खाली डब्याची झाकणं आपटत होती. तिच्या डोक्यात काहीतरी हळूहळू, जड दार उघडावं तसं उघडत गेलं. विश्रांती नको म्हणून त्यांनी चेंडू कमी लिहिले. कमी दिसले म्हणून तिकडे वाढवले. वाढवलेले त्याने मुकाट्याने टाकले, कारण नाही म्हणावं तर का म्हणून सांगावं लागलं असतं. आणि टाकून झाले की घरी येऊन परत साठच लिहायला सांगितले. तिकडून ते पुन्हा वाढले. दोन महिने हा रहाट फिरत होता, आणि दांडा तिच्या हातात होता.

"वहिनी? आवाज येतोय ना?"

वचन दिलं होतं तिने. गुरुवारला चार दिवस होते. इतकी वर्षं आणि चार दिवस.

"तो तक्ता खोटा आहे," ती म्हणाली.

"काय?"

"आकडे खोटे आहेत. मी लिहिलेत. आठ आठवडे." आपला आवाज इतका सपाट कसा, याचं तिलाच नवल वाटलं. "साठ नाही, नव्वद. कधी शंभराच्या वर. दुपारी दुसरीकडे जाऊन टाकतो तो. आणि दुखणं दोन नाही. आज सकाळी त्याला मुलीला टबातून उचलता आलं नाही."

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला.

"खरे आकडे आहेत तुमच्याकडे?" फिजिओने विचारलं. आता त्याच्या आवाजात वहिनी नव्हती.

तिने वही आणली. सासूबाई वाटाण्यांचं ताट मांडीवर घेऊन तिच्याकडे बघत होत्या. ती वाचत गेली. सोमवार शहाण्णव. मंगळवार चौऱ्याऐंशी. मध्ये कुठे चुकून ठमीच्या दुधाचा आकडा वाचला गेला, मग ती थांबली, सॉरी म्हणाली, आणि पुढे वाचू लागली.

तासाभरात तो घरी आला. किटबॅग दारातच टाकली. ती ओरडा ऐकायची तयारी करून उभी होती. शब्दाला शब्द कुठला द्यायचा तेही तिने जुळवून ठेवलं होतं. पण तो ओरडला नाही. खुर्ची ओढून बसला आणि बुटांच्या नाड्यांकडे बघत राहिला. वाकून त्या सोडवणं त्याला जमणार नव्हतं आणि तिला सांगणंही. शेवटी सासूबाईच पुढे झाल्या, जमिनीवर बसल्या आणि मुलाचे बूट काढायला लागल्या.

"सगळ्यांसमोर," तो म्हणाला. "नेटच्या मधोमध. चेंडू हातातून काढून घेतला माझ्या. तो पोरगा तिथेच उभा होता. मान खाली घालून उभा होता. त्याला लाज वाटली गं माझी."

"त्यांनी उद्या वीस ओव्हर..."

"टाकल्या असत्या."

"आणि मोडला असतास तर?"

"माझी कमर होती. माझी. मला मोडू द्यायचीस." मग एक बूट निघाल्यावर, "वचन दिलं होतंस."

"हो."

"मग?"

"मोडलं," ती म्हणाली. "तुझी कमर मोडण्यापेक्षा वचन मोडलेलं बरं."

ऐकायला बरं वाटलं ते वाक्य, पण ते बोलून तिला काही बरं वाटलं नाही, आणि त्यालाही नाही. तो उठून आतल्या खोलीत गेला.

सोमवारी तपासणी झाली. पाठीच्या खालच्या मणक्यात चीर होती, केसाएवढी. डॉक्टरांनी पडद्यावर पेन्सिलीच्या टोकाने दाखवली. सहा महिने बॉलिंग बंद, नंतर बघू. चौतिसाव्या वर्षी 'नंतर बघू' म्हणजे काय, हे खोलीतल्या सगळ्यांना कळत होतं, म्हणून कुणी विचारलं नाही. तिने मात्र दुसरं एक विचारलं. तो शर्ट घालायला पडद्यामागे गेला, तेव्हा हळूच विचारलं, की खेळला असता तर काय झालं असतं?

"सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "चीर वाढली असती, पार तुटलं असतं हाड. किंवा पाच दिवस निभावलंही असतं. काही जण निभावतात."

तिला हवं होतं ते वाक्य त्यांनी दिलं नाही. तुम्ही वाचवलंत त्याला, असं ते म्हणाले असते, तर ती ते घरी नेऊन त्याच्यासमोर ठेवू शकली असती. आता तिच्याकडे ठेवायला काही नव्हतं. गाडीत तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "काय म्हणाले डॉक्टर तुला?" आणि ती सगळं सांगून बसली, निभावलंही असतं यासकट. इतके दिवस खोटं लिहून झाल्यावर आता एवढ्यातेवढ्याला खोटं बोलायचं तिच्या जिवावर आलं होतं.

तो फक्त "हं" म्हणाला.

गुरुवारी सकाळी साडेसातला फॉर्म आला नाही. त्याचं नाव यादीतून निघालं होतं. दहाला सामना सुरू झाला. तिने टीव्ही लावावा की नाही याचा विचार करत तीनदा रिमोट उचलून ठेवला, मग त्यानेच लावला, आवाज बंद करून. सासूबाईंनी ठमीला बाहेर फिरायला नेलं. तो सोफ्यावर पाठीखाली उशी घेऊन आडवा झाला. नाणेफेक हरली होती, म्हणजे बॉलिंग आधी. चौथा बॉलर म्हणून कप्तानाने त्या पोराला बोलावलं. पोराने टोपी अंपायरकडे दिली, पावलं मोजली.

"एक पाऊल जास्त घेतलं त्याने," नवरा म्हणाला. "घाबरलाय." पोराची पहिली ओव्हर संपली.

तिने वळून पाहिलं तर त्याला झोप लागली होती. भरदिवसा, तोंड थोडं उघडं, एक हात सोफ्याखाली लोंबत. लग्नानंतर तिने त्याला असं कधी झोपलेलं पाहिलं नव्हतं. तो सदान्‌कदा कुठलातरी सराव उरकून यायचा किंवा निघायचा. झोपेत त्याच्या कपाळावरची आठी गेली होती. की तिला तसं वाटावंसं वाटत होतं? ती नीट बघत राहिली, पण खात्री होईना.

पडद्यावर पोराला मार पडत होता. एका ओव्हरला दोन चौकार गेले, पुढच्या ओव्हरला एक झेल सुटला. कप्तान कमरेवर हात ठेवून उभा होता. आत्ता तिथे तो हवा होता, हे तिला क्रिकेटमधलं फारसं कळत नसूनही कळत होतं. ह्याला जमलं असतं. तिने टीव्ही बंद केला नाही. सगळं बघितलं, एकेक चेंडू, जणू ते बघणं तिला भागच होतं.

तो चार तासांनी जागा झाला. डोळे न उघडता विचारलं, "किती?"

"दोनशे बारा. तीन विकेट."

"पोराला?"

"एकही नाही."

तो छताकडे बघत पडून राहिला. बाहेर जिन्यात सासूबाईंचा आणि ठमीचा आवाज ऐकू यायला लागला होता.

"माझा राग अजून गेलेला नाही," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"कधी जाईल, सांगता येत नाही."

"बरं."

त्याने उठायचा प्रयत्न केला. अर्ध्यावर आला आणि थांबला. ती जागची हलली नाही. त्याने मागितल्याशिवाय हात द्यायचा नाही असं तिने ठरवलं होतं, आणि ते धरून बसणं सोपं नव्हतं. थोड्या वेळाने, तिच्याकडे न बघताच, त्याने हात पुढे केला.

"ओढू नकोस," तो म्हणाला. "नुसती धर. मी उठतो."